गोठ्याच्या सावलीत वाढणारी मुले

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी मूल जन्मास येते, तेव्हा त्या घरात माणसांच्या जोडीला जनावरांचाही संसार मांडलेला असतो. पडवीत गाय बांधलेली असते, परसात कोंबड्या उकिरडा उकरीत असतात, चुलीशी मांजर आणि दारात कुत्रे पडलेले असते. मूल रांगू लागले की वासरू, करडू किंवा कुत्र्याचे पिल्लू हाच त्याचा पहिला सवंगडी होतो. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग देताना अथवा वसुबारसेला गाय-वासराला ओवाळताना मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसतो, त्याच्या मुळाशी हा नित्याचा सहवास असतो.

खेड्यापाड्यांतून पक्की घरे उभी राहू लागली, मुले शाळा-महाविद्यालयांतून शिकू लागली, तशी या सहवासाकडे पाहण्याची दृष्टीही बदलत चालली आहे. काही घरांतून जनावर म्हणजे घाण आणि घाण म्हणजे रोग असा सरळ हिशेब मांडला जातो व मुलांना गोठ्याकडे फिरकू दिले जात नाही. दुसरीकडे, “वाडवडील याच गोठ्यात वाढले, त्यांना काय झाले?” असे म्हणून सर्व काळजी वाऱ्यावर सोडणारी घरेही पुष्कळ आहेत. त्या काळी जी मुले दगावली, ती आपली हकिगत सांगावयास उरली नाहीत, एवढेच या प्रश्नाचे उत्तर आहे. वास्तविक या दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत. जनावरांच्या सहवासात वाढणे मुलाच्या प्रकृतीस हितकारक ठरू शकते; मात्र ते जनावर निरोगी असले पाहिजे. मुलाच्या आरोग्याची काळजी दावणीपासून आणि दारच्या कुत्र्यापासून सुरू होते, ही गोष्ट प्रत्येक शेतकरी कुटुंबाने मनावर घ्यावयास हवी.

संशोधनाने काय दाखविले

दमा, सर्दी-शिंका आणि त्वचेची खाज या ॲलर्जीच्या विकारांचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम मोठ्या कुटुंबांकडे गेले. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती डेव्हिड स्ट्रॅचन या संशोधकांनी तपासली व १९८९ साली प्रसिद्ध केली. ज्या मुलांना मोठी भावंडे अधिक, त्यांना परागकणांमुळे होणाऱ्या शिंकांचा त्रास कमी, असे त्यांना आढळले. लहानपणी जंतूंशी गाठ पडल्याने शरीराची संरक्षक यंत्रणा तयार होत असावी, असा तर्क त्यावरून निघाला.

पुढे स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व दक्षिण जर्मनी येथील डोंगराळ खेड्यांतून पाहणी झाली. एकाच गावात राहणाऱ्या मुलांपैकी शेतकऱ्यांच्या मुलांना दमा व ॲलर्जी इतर मुलांपेक्षा कमी होत असल्याचे दिसून आले. त्यांतही वयाच्या पहिल्या वर्षापासून गोठ्यात वावरलेल्या मुलांना हा लाभ अधिक मिळाला होता. स्वीडनमध्ये सहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षी घरी कुत्रा असलेल्या मुलांत शाळेच्या वयात दम्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले. शेतीच्या जनावरांत वाढलेल्या मुलांत तर ते जवळजवळ निम्मे होते.

यापेक्षाही बोलके उदाहरण अमेरिकेतील दोन शेतकरी समाजांचे आहे. इंडियाना राज्यातील आमिश आणि साउथ डकोटातील हटराइट हे दोन्ही समाज मूळचे मध्य युरोपातील. त्यांचे आनुवंशिक गुण, खाणेपिणे व राहणी यांत पुष्कळ साम्य आहे. आमिश कुटुंबे घोड्यांच्या साहाय्याने शेती करतात व त्यांचे गोठे घरालगत असल्यामुळे मुले त्यांत सहज वावरतात. हटराइटांची शेती सामुदायिक व यांत्रिक असून त्यांची लहान मुले गोठ्यांपासून दूर राहतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के असल्याचे नमूद केले आहे. आमिश घरांतील धुळीत जिवाणूंच्या आवरणातील द्रव्य जवळजवळ सात पट अधिक होते. ही धूळ प्रयोगशाळेतील उंदरांच्या नाकात घातली असता त्यांच्यातही दम्यासारखी लक्षणे रोखली गेली.

पैलवान जसा तालमीत सराव करून तयार होतो, तशी शरीराची संरक्षक यंत्रणा बालपणी निरुपद्रवी जंतूंच्या सहवासात तयार होते व कोणाशी झुंजावे आणि कोणाकडे दुर्लक्ष करावे हे शिकते, असा या सर्वांचा थोडक्यात अर्थ आहे. ज्या मुलास दम्याचा अथवा ॲलर्जीचा विकार आधीच जडला आहे, त्याच्या बाबतीत मात्र डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून असा प्रयोग करू नये. चुलीच्या धुरात बसलेल्या मुलाला गोठ्याचा सहवास तारील, अशी आशाही कोणी बाळगू नये.

घाण हे औषध नव्हे

या संशोधनावरून शेण-मुताचा चिखल मुलांना पथ्यकर असतो असा अर्थ कोणी काढील, तर तो मोठा अनर्थ होईल. ज्या युरोपीय खेड्यांतून ही पाहणी झाली, तेथे पिण्याचे पाणी शुद्ध होते, मुलांना सर्व लसी टोचलेल्या होत्या आणि गुरांमधील क्षय व सांसर्गिक गर्भपात हे रोग अनेक वर्षांच्या सरकारी मोहिमांनी जवळजवळ निपटून काढलेले होते. तेथील मुलांना गोठ्यातील जंतूंचा सहवास मिळाला, पण गोठ्यातील रोग मिळाले नाहीत. तो गोठा आणि आजारी जनावरांनी भरलेला गोठा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

इथिओपियाच्या ग्रामीण भागातील एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरी कोंबड्या होत्या, त्या घरांतील मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली वाढलेली दिसली. परंतु ज्या घरांत त्याच कोंबड्या रात्री माणसांच्या खोलीत डालल्या जात, तेथील मुलांची वाढ खुंटलेली आढळली. लहान मूल जमिनीवर रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. कोंबडीची विष्ठा पोटात जाऊन आतड्यांना वारंवार अपाय होतो व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते. कोंबड्यांसाठी अंगणात एक साधे खुराडे बांधले, तर अंडी पदरात पडतील आणि अपायही टळेल. मुलाची निजण्याची जागा व जनावराची निजण्याची जागा यांच्यामध्ये निदान एक भिंत असावी, हा नियम शेळ्या-करडांनाही लागू आहे.

निरसे दूध

शेळीचे निरसे दूध मुलांना मानवते आणि धारोष्ण दुधाने बळ येते, ही समजूत ग्रामीण भागात अद्याप घट्ट आहे. तिच्या संदर्भात भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाचा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथील ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप पछाडीत असे. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली शोधून काढला. पण तो येतो कोठून, हे पुढे अठरा वर्षे कोणास उमगले नाही. अखेर १९०५ साली थेमिस्टोक्लिस झमित या माल्टी डॉक्टरांनी दारोदार फिरून दूध घातल्या जाणाऱ्या शेळ्यांमध्ये त्याचा माग लावला. या शेळ्या दिसावयास अगदी धडधाकट होत्या. १९०६ साली सैनिकांच्या आहारातून शेळीचे दूध बंद होताच त्यांच्यातील तापाच्या रोग्यांची संख्या झपाट्याने घटली.

माल्टाचा तो ताप आणि गुरांचा सांसर्गिक गर्भपात हे एकाच ब्रुसेला जातीच्या जंतूंचे रोग होत. मुलांना त्यामुळे दीर्घकाळ येणारा-जाणारा ताप व सांधेदुखी जडते आणि हिवताप समजून नको ते उपचार होत राहतात. दुधाला चांगली उकळी आणली की हा जंतू मरतो. चिकाचा खरवसही पूर्ण शिजवूनच मुलांना द्यावा. गाय विताना अथवा गाभ टाकताना मुलांना गोठ्यात येऊ देऊ नये. गाभ, वार व त्याखालील वैरण उघड्या हातांनी न उचलता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. गायीच्या कालवडी व म्हशीच्या पारड्या चार ते आठ महिन्यांच्या असताना त्यांना या रोगाची लस आयुष्यात एकदा टोचून घ्यावी लागते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती विनामूल्य टोचण्याची सोय करण्यात आली. हे वय निघून गेले की संधीही जाते, म्हणून कालवडीच्या जन्माची तारीख भिंतीवर लिहून ठेवण्यास विसरू नये.

कुत्रे कोणाचे?

मुलांच्या जिवावर बेतणारे सर्वांत मोठे संकट म्हणजे रेबीज, अर्थात पिसाळण्याचा रोग. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी हाती लागत नाही. माणसांना होणाऱ्या या रोगाच्या शंभरांपैकी जवळजवळ नव्याण्णव प्रकरणांच्या मुळाशी कुत्रा असतो. आणि पिसाळल्याचा संशय असलेली जनावरे ज्यांना चावतात, त्यांच्यात दर दहांमागे चार पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल उंचीने ठेंगणे असल्यामुळे चावा तोंडावर, मानेवर किंवा हातावर बसतो. तेथून मेंदू जवळ असल्याने रोगाला वेळही थोडा लागतो.

या रोगावर उपाय नाही असे नाही. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या योसेफ मेस्टर या मुलास लस टोचली व तो वाचला. या घटनेस १४० वर्षे उलटून गेली, तरीही जखमेवर हळद, चुना, तिखट किंवा तेल लावून मांत्रिकाची वाट धरली जाते आणि मूल हातचे जाते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. चावा बसताच किंवा कुत्र्याचा नुसता ओरखडा उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. जखम बांधू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तेथे दंडाच्या त्वचेत लस दिली जाते, तेव्हा पहिल्या सुईनंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावे लागते. घाव रक्तबंबाळ असेल तर जखमेत तयार प्रतिद्रव्याची सुईही द्यावी लागते. मधल्या सुया चुकवू नयेत. मुले पुष्कळदा मार बसेल या भीतीने चावा लपवून ठेवतात. कुत्र्याची खोड काढल्याबद्दल रागावण्यास पुढे आयुष्य आहे. चावल्याचे सांगणाऱ्या मुलाला त्या वेळी जवळच घेतले पाहिजे.

तथापि खरे मत मांडावयाचे ते चाव्यानंतरच्या नव्हे, तर चाव्यापूर्वीच्या कर्तव्याविषयी. गाय दूध देते म्हणून तिला लस टोचली जाते. बैल आजारी पडला तर पेरणी खोळंबते म्हणून पशुवैद्यकाला बोलावणे जाते. कुत्र्याचे उत्पन्न हिशेबाच्या वहीत कोठेच चढत नाही, म्हणून त्याला कोणी विचारीत नाही. खेड्यातील कुत्रे बहुधा विकत घेतलेले नसते. ते येते, राहते, तीन घरची भाकरी खाते, रात्री साऱ्या वस्तीची राखण करते, आणि लस टोचण्याची वेळ आली की ते कोणाचेच नसते. खंडोबाच्या आणि दत्ताच्या तसबिरीत कुत्र्याला मानाची जागा देणाऱ्या समाजाने दारच्या कुत्र्याला एका सुईपुरतेही आपले मानू नये, हे शोभत नाही. ज्या घरची भाकरी कुत्रे खाते, त्या घराचे ते कुत्रे, असा रिवाज गावोगाव पडला पाहिजे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्यास पहिली लस द्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याप्रमाणे दरवर्षी ती टोचून घ्यावी. मांजरालाही हाच नियम लावावा. ज्या कुत्र्यांना एकही घर नाही, त्यांचा भार ग्रामपंचायतीने उचलावा.

हे अशक्यप्राय वाटत असेल, त्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तेथे २०१४ सालापासून पाळीव व मोकाट कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्यात आली, शाळाशाळांतून मुलांना धडे देण्यात आले आणि संशयित कुत्र्याची खबर मिळताच तपास करण्याची व्यवस्था उभी राहिली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तेथे या रोगाने एकही मनुष्य दगावल्याची नोंद झाली नाही. २०२१ साली राज्य सरकारने गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. कुत्र्यांची कत्तल करून हे साधलेले नाही. गावातील बहुसंख्य कुत्र्यांना लस मिळाल्याने रोगाची साखळी तुटते, एवढेच त्यामागील तत्त्व आहे.

रेबीज गुरांनाही होतो, याचा अनेकांना विसर पडतो. चारा सोडलेली व तोंडातून लाळ गाळणारी गाय दिसली की घशात काही अडकले असेल असे समजून तिच्या तोंडात हात घातला जातो. तसे कदापि करू नये. मुलांना अशा जनावरापासून दूर ठेवून प्रथम पशुवैद्यकास बोलावावे.

न दिसणारे शत्रू

जत्रेला किंवा लग्नकार्याला बकरे कापले जाते, तेव्हा काळीज, फुप्फुस व आतडी कुत्र्यांपुढे टाकण्याची प्रथा आहे. या अवयवांत पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या असतील, तर त्यांतून एका बारीक पट्टकृमीचा कुत्र्याच्या पोटात प्रवेश होतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात व केसांवर पसरतात. कुत्र्याला कुरवाळून तसेच जेवावयास बसलेल्या मुलाच्या पोटात ती जातात आणि यकृतात वा फुप्फुसात वर्षानुवर्षे वाढणारी गाठ तयार होते. असे अवयव पुरावेत. कुत्र्याला द्यावयाचेच असतील तर पुरते शिजवून द्यावेत.

कुत्र्याच्या पिल्लांच्या पोटात पुष्कळदा जन्मापासूनच जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून पडताच बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे काढल्यावर ती रोगकारक बनतात. म्हणून अंगणातील विष्ठा रोजच्या रोज उचलून पुरली, तर अर्धे काम भागते. पिल्लांना पशुवैद्यकाकडून जंताचे औषध पाजावे व अंगणवाडीत वा शाळेत मुलांना मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये. अंगावर केसविरहित चट्टे उठलेले वासरू गजकर्णाचे घर असते. त्याला बरे वाटेपर्यंत मुलांनी त्याच्या गळ्यात पडू नये. मुलाच्या जखमेवर शेण कधीही लावू नये, कारण शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. या सर्वांवर एकच सोपा तोडगा आहे, तो म्हणजे जनावराला हात लावल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे. त्यासाठी गोठ्याच्या दाराशी पाण्याचा हंडा व साबणाची वडी कायम ठेवावी.

मुलांना मिळणारे शिक्षण

जनावराच्या सहवासाचा लाभ केवळ शरीराला होतो असे नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे एका करडाची वैरण व पाणी सोपविले, की त्याला वेळेचे भान येते, मुक्या जिवाची भूक ओळखता येते, आणि ते आजारी पडल्यास त्याचे खाणे प्रथम कमी होते, हे निरीक्षण आपोआप अंगी बाणते. मात्र काम झेपेल एवढेच असावे व शाळा बुडवून नसावे. पाच वर्षांखालील मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडू नये. जेवणारे कुत्रे, निजलेले कुत्रे आणि पिल्लांना पाजणारी कुत्री यांच्या वाटेस जाऊ नये, हे मुलांना अक्षरओळखीच्या आधी शिकवावे.

घरातील जनावरांची उस्तवार बहुतांशी स्त्रिया करतात, पण पशुवैद्यकाकडे जाण्याचा व पैसे खर्च करण्याचा निर्णय पुरुष घेतात. मुलाचे दुखणे प्रथम मातेच्या ध्यानात येते आणि जनावराचेही तिच्याच. या निर्णयात तिचा शब्द मानला गेला, तर दोन्ही दुखणी वेळेवर दवाखान्यात पोहोचतील. गावपातळीवरही हीच उणीव आहे. पशुवैद्यकीय दवाखाना एकीकडे, प्राथमिक आरोग्य केंद्र दुसरीकडे, आणि एका ठिकाणची खबर दुसऱ्या ठिकाणी पोहोचत नाही. एखाद्या गोठ्यात गायींनी गाभ टाकले, तर त्या घरच्या तापकरी मुलाची माहिती आशा सेविकेने डॉक्टरांच्या कानी घातली पाहिजे. ग्रामसभेत वर्षातून एकदा मुलांच्या लसींबरोबर गुरांच्या व कुत्र्यांच्या लसींचाही हिशेब वाचला जावा. त्यास फारसा खर्च येणार नाही.

शेतकऱ्याच्या मुलाला गोठ्याच्या सावलीत जे बालपण लाभते, ते शहरातील अनेक मुलांच्या वाट्याला येत नाही. हा ठेवा गमावण्याचे कारण नाही, पण तो बेफिकिरीने राखताही येणार नाही. घरातील लहानग्याच्या लसीचे कार्ड जेथे जपून ठेवलेले असते, तेथेच गायीच्या, कालवडीच्या व दारच्या कुत्र्याच्या लसीचे कार्डही ठेवले जावे. येत्या पोळ्याला बैलांना सजविताना घरातील कर्त्या माणसाने ती सर्व कार्डे एकदा काढून पाहावीत आणि त्यांत कुत्र्याचे कार्ड नसेल, तर दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरावी.